पडदा लहान, पडदा मोठा

ज्या घरांत मोबाईल फोन आणि टॅब्लेट अशीं दोन्ही उपकरणें आहेत, त्या घरांतील माणसानें एक साधा प्रयोग करून पाहावा. दोन्हींवर 'सेटिंग्ज' हें ॲप उघडावें. फोनवर एक लांबलचक यादी दिसेल : वायफाय, बॅटरी, आवाज, भाषा. त्यांतील एका नांवावर बोट ठेवलें कीं यादी नाहींशी होते आणि तिच्या जागीं त्या विषयाचें पान येतें. पुन्हा यादी पाहावयाची तर मागें यावें लागतें. अलीकडचा अँड्रॉइड टॅब्लेट आडवा धरला असतां मात्र यादी डाव्या बाजूस तशीच राहते आणि निवडलेल्या विषयाचें पान उजवीकडे उघडतें. मागें येण्याचें कारणच उरत नाहीं. पाहणाऱ्यास वाटावें कीं हीं दोन निराळीं ॲप्स आहेत. वस्तुतः दोहोंकडे चालणारें ॲप एकच असतें. जागा किती आहे हें पाहून तें आपला संसार कधीं एका खोलींत थाटतें, तर कधीं दोन खोल्यांत.

अँड्रॉइड ही गूगल कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे उपकरणाचा सर्व कारभार पाहणारी मूळ व्यवस्था. जगांतील बहुसंख्य फोन तिच्यावर चालतात. लहान पडद्यासाठीं जन्मलेल्या या व्यवस्थेला मोठा पडदा वापरतां येऊं लागण्यास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि त्या वर्षांत ज्यांनीं टॅब्लेट विकत घेतले त्यांनीं त्या उशिराची किंमत मोजली.

मोठ्या पडद्यासाठीं लहान पडद्यावरील चित्र नुसतें वाढविलें म्हणजे झालें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण पोस्टकार्डावरील मजकूर वर्तमानपत्राच्या पानाएवढा ताणून छापला तर अक्षरें बोटभर उंच होतील आणि एवढ्या मोठ्या पानावर मजकूर मात्र पोस्टकार्डाएवढाच राहील. उलट, अक्षरें पूर्वींएवढींच ठेवून ओळ पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली, तर ओळीच्या शेवटीं पोहोंचलेला डोळा पुढच्या ओळीचा आरंभ चुकतो. छापखान्यांतील जुळाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक होती. म्हणून तर वर्तमानपत्राचें पान स्तंभांत विभागलेलें असतें.

डोळ्यांप्रमाणें हाताचाही प्रश्न आहे. फोन एका हातांत मावतो आणि त्याच हाताचा आंगठा पडद्याच्या खालच्या भागावर सहज फिरतो. दहा इंची टॅब्लेट दोन्ही हातांनीं दोन्ही कडांशीं धरावा लागतो. अशा वेळीं आंगठे कडांच्या साधारण मध्यावर येतात, आणि तळाच्या मध्यभागीं असलेलें बटण दाबावयाचें तर एक हात सोडावा लागतो. म्हणून फोनवर तळाशीं आडवी असलेली बटणांची पट्टी टॅब्लेटवर डाव्या कडेला उभी करणें श्रेयस्कर ठरतें. मांडणी बदलते ती केवळ शोभेसाठीं नव्हे. हात कोठें आहे आणि डोळा किती पल्ला घेऊं शकतो, यांवर ती अवलंबून आहे.

परंतु यंत्राला हात किंवा डोळा दिसत नाहीं. त्याला दिसतात ते ठिपके. पडदा हा बारीक प्रकाशमान ठिपक्यांचा बनलेला असतो. त्यांनाच पिक्सेल म्हणतात. २००८ सालीं अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारांत आला, त्याच्या पडद्यावर रुंदींत ३२० आणि उंचींत ४८० ठिपके होते. त्या वेळीं दुसरें मापच नव्हतें. 'बटण इतके ठिपके रुंद असावें' एवढें लिहून दिलें कीं काम भागे. पुढें निरनिराळ्या कारखान्यांचे फोन येऊं लागले तेव्हां अडचण उभी राहिली. एका इंचांत कोणी १२० ठिपके बसवी, कोणी १६०, कोणी २४०. जें बटण एका फोनवर बोटाला सहज सांपडे, तेंच दाट ठिपक्यांच्या पडद्यावर मुगाच्या दाण्याएवढें होऊन बसे.

यावर अँड्रॉइडनें एक काल्पनिक ठिपका योजला. त्याला डीपी म्हणतात. घनता-निरपेक्ष ठिपका असें त्याचें वर्णन करतां येईल. एका इंचाचा १६० वा भाग म्हणजे एक डीपी. ॲप लिहिणाऱ्यानें मापें या ठिपक्यांत द्यावयाचीं आणि प्रत्येक उपकरणानें त्यांचें आपल्या खऱ्या ठिपक्यांत रूपांतर करावयाचें. बोटानें दाबण्याची जागा निदान ४८ डीपी असावी असा संकेत आहे. इंचास १६० ठिपके असलेल्या पडद्यावर ही जागा ४८ ठिपक्यांची होते, ३२० च्या पडद्यावर ९६ ची आणि ४८० च्या पडद्यावर १४४ ची. बोटाखालीं मात्र ती जवळजवळ तेवढीच राहते. हिशेबानें ती ०.३ इंच भरते. कारखानदार घनतेचा आंकडा ठराविक पायऱ्यांवर बसवून घेतात, म्हणून प्रत्यक्षांत थोडा फरक पडतो.

या युक्तीचें खरें महत्त्व तीन उपकरणें शेजारीं ठेवलीं म्हणजे कळतें. २०११ सालचा मोटोरोला झूम हा टॅब्लेट दहा इंची. त्याचा पडदा १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचा. २०१२ सालचा नेक्सस ७ हा सात इंची. त्याचाही पडदा नेमका १२८० गुणिले ८०० चा. आणि २०११ च्या अखेरीस आलेला गॅलेक्सी नेक्सस हा फोन १२८० गुणिले ७२० चा. केवळ ठिपके मोजणाऱ्याला हीं तिन्ही जवळजवळ सारखींच दिसावयाचीं. पण डीपीच्या मापानें त्यांची अरुंद बाजू मोजली तर झूमची ८००, नेक्सस ७ ची सुमारें ६०० आणि फोनची अवघी ३६० भरते. कोणतें उपकरण मोठें आणि कोणतें लहान, हें यंत्राला प्रथम कळतें तें या आंकड्यांवरून.

हें माप हातीं असूनही आरंभीं त्याचा उपयोग मोठ्या पडद्यासाठीं झाला नाहीं. २०१० सालीं ॲपलनें आयपॅड आणला, आणि सर्वच कारखानदारांना टॅब्लेट काढण्याची घाई झाली. त्याच वर्षीं सॅमसंगचा सात इंची गॅलेक्सी टॅब आला, तो फोनसाठीं रचलेल्या अँड्रॉइड २.२ वरच चालत होता. गूगलनें मग फेब्रुवारी २०११ मध्यें अँड्रॉइड ३.० ही स्वतंत्र आवृत्ति काढली. तिचें टोपणनांव हनीकोम, म्हणजे मधाचें पोळें. ती केवळ टॅब्लेटसाठीं होती. मागें जाण्याचीं आणि घरीं येण्याचीं बटणें तिनें पडद्यांतच खालच्या डाव्या कोपऱ्यांत ठेवलीं आणि घड्याळ व सूचना उजव्या कोपऱ्यांत. म्हणजे दोन्ही आंगठ्यांच्या आटोक्यांत. कल्पना चांगली होती. परंतु आतां एकाच नांवाच्या दोन व्यवस्था झाल्या, एक फोनची आणि एक टॅब्लेटची. हनीकोमचा सोर्स कोडही गूगलनें त्या वेळीं खुला केला नाहीं. फोनवर बसविण्यास ती आवृत्ति तयार नाहीं, असें कारण देण्यांत आलें.

हा दुभंग फार दिवस टिकला नाहीं. ऑक्टोबर २०११ मध्यें अँड्रॉइड ४.० जाहीर झालें आणि फोन व टॅब्लेट पुन्हा एका छपराखालीं आले. मात्र हनीकोमनें दिलेल्या दोन गोष्टी मागें राहिल्या, आणि त्यांवरच पुढील सर्व इमारत उभी आहे.

पहिली गोष्ट फ्रॅगमेंटची, म्हणजे खंडांची. पूर्वीं ॲपचें एक पान म्हणजे एक अखंड वस्तु असे. हनीकोमनें सांगितलें कीं पान सुट्या खंडांचें करावें. टपालाच्या ॲपमध्यें पत्रांची यादी हा एक खंड आणि उघडलेलें पत्र हा दुसरा. जागा असेल तर दोन्ही शेजारीं मांडावे. नसेल तर एकामागें एक ठेवावे. खंड दोहोंकडे तेच. बदलते ती त्यांची बैठक. आरंभीं सांगितलेल्या सेटिंग्जच्या चमत्काराचें मूळ येथें आहे.

दुसरी गोष्ट जुलै २०११ च्या ३.२ या आवृत्तींत आली. तोंपर्यंत पडद्यांचे वर्ग 'लहान, साधा, मोठा, फार मोठा' असे ढोबळ असत, आणि पांच इंची फोन व सात इंची टॅब्लेट दोन्ही 'मोठा' या एकाच वर्गांत पडत. एकाला हवी तेवढी मांडणी दुसऱ्याला होई नाहीं. म्हणून नवीन नियम असा झाला कीं पडद्याची अरुंद बाजू डीपीमध्यें मोजावी आणि तिच्यावरून मांडणी निवडावी. ॲप लिहिणारा आपल्या मांडण्या निरनिराळ्या फोल्डरांत ठेवतो : एक साधा फोल्डर, आणि एक '६०० व त्यापुढील' असें लेबल लावलेला. सिस्टिम पडदा मोजते आणि योग्य तो फोल्डर आपण होऊन उघडते. ॲपला विचारावेंही लागत नाहीं. अरुंद बाजूच कां मोजावयाची? कारण उपकरण उभें धरा वा आडवें धरा, ती बदलत नाहीं. सात इंची टॅब्लेट ६०० च्या आसपास, दहा इंची ७२० च्या पुढें आणि फोन सामान्यतः त्याहून पुष्कळ खालीं, अशी सोईची विभागणी त्यांतून झाली.

उपकरण फिरविलें असतां काय होतें, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे, कारण त्याचा त्रास पुष्कळांनीं भोगला आहे. फोन उभ्याचा आडवा केला कीं अँड्रॉइड सामान्यतः चालू पान मोडून टाकतें आणि नव्या मापाप्रमाणें तें पुन्हा बांधतें. हें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें. पण मोडण्यापूर्वीं पानावरील अवस्था जपून ठेवण्याची बरीचशी जबाबदारी ॲप लिहिणाऱ्यावर आहे. त्यानें ती विसरली तर अर्धवट भरलेला अर्ज उपकरण तिरपें होतांच कोरा होतो, किंवा वाचक कादंबरीच्या मध्यावरून पहिल्या पानावर फेंकला जातो. वापरणाऱ्यास वाटतें कीं आपलाच हात चुकला. तो चुकलेला नसतो.

साधनें २०११ सालींच तयार होतीं, तरी पुढील दहा वर्षें अँड्रॉइड टॅब्लेटचा संसार उपेक्षेंतच गेला. टॅब्लेट थोडे विकले जात, म्हणून ॲप लिहिणारे दुसरी मांडणी करण्याचे श्रम घेत नसत. आणि चांगलीं ॲप्स नाहींत म्हणून गिऱ्हाईक टॅब्लेट घेत नसे. खुद्द गूगलचें धोरणही डळमळीत होतें. २०१२ च्या ४.२ या आवृत्तींत मोठ्या टॅब्लेटवरील कोपऱ्यांतील बटणें काढून तीं फोनप्रमाणें तळाच्या मध्यभागीं आणण्यांत आलीं. एकसारखेपणा साधला खरा, पण जेथें एकही आंगठा पोहोंचत नाहीं नेमकी तीच जागा बटणांच्या वांट्यास आली. सेटिंग्जची दुहेरी मांडणीही मधल्या आवृत्त्यांतून नाहींशी झाली. ज्यानें मुलाच्या अभ्यासासाठीं किंवा आईवडिलांच्या वाचनासाठीं मोठा पडदा मुद्दाम घेतला, त्याला त्यावर बहुधा ताणलेला फोनच मिळाला.

परिस्थिति बदलली ती टॅब्लेटच्या आग्रहामुळें नव्हे. फोनच बदलला म्हणून. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७.० नें एका पडद्यावर दोन ॲप्स शेजारीं चालविण्याची सोय केली. त्याबरोबर एक गंमत झाली : उपकरण दहा इंची, पण ॲपच्या वांट्यास आलेली खिडकी फोनएवढी अरुंद. मग २०१९ मध्यें घडीचे फोन आले. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड मिटलेला असतां बाहेरून ४.६ इंची फोन, आणि उघडला असतां ७.३ इंची टॅब्लेट. वापरणारा बोलतां बोलतां तो उघडी आणि मिटवी. 'हा फोन आहे कीं टॅब्लेट?' हा प्रश्न ज्या मांडणीच्या मुळाशीं होता, तिला आतां उत्तरच देतां येईना. उपकरण कोणतें हें विचारण्यांत अर्थ राहिला नाहीं; या क्षणीं या ॲपला जागा किती मिळाली आहे, एवढेंच विचारतां येण्यासारखें होतें.

म्हणून अरुंद बाजूचा जुना नियम मागें पडून खिडकीच्या चालू रुंदीचा नियम पुढें आला. ६०० डीपीहून कमी रुंदी असेल ती खिडकी आटोपशीर समजावी. ६०० पासून ८४० च्या आंतील मध्यम. आणि ८४० व त्यापुढील विस्तृत. बहुतेक फोन उभे धरले म्हणजे पहिल्या वर्गांत पडतात, पुष्कळसे टॅब्लेट उभे धरले म्हणजे दुसऱ्या वर्गांत, आणि मोठा टॅब्लेट आडवा धरला म्हणजे तिसऱ्या वर्गांत जातो. तोच टॅब्लेट दोन ॲप्समध्यें वांटला आणि ॲपच्या वांट्यास आलेली रुंदी ६०० डीपीच्या खालीं गेली, तर तें ॲप पुन्हा पहिल्या वर्गांत येऊन बसतें आणि निमूटपणें फोनची मांडणी पत्करतें. मार्च २०२२ मध्यें मोठ्या पडद्यांसाठीं म्हणून अँड्रॉइड १२-एल ही खास आवृत्ति निघाली. तिनें सूचनांचा पडदा दोन स्तंभांचा केला, सेटिंग्जची दुहेरी मांडणी परत आणली आणि तळाशीं ॲप्सची पट्टी दिली.

एक दुखणें तरीही उरलें होतें. पुष्कळ ॲप्स लिहितांनाच 'मी नेहमीं उभेंच राहीन' अशी अट घालून ठेवलेली असते. फोनवर तें खपून जातें. पण टॅब्लेट टेबलावर आडवा टेकवून ठेवला असतां असें ॲप एकतर आडवें पडतें आणि मान तिरपी करून वाचावें लागतें, किंवा दोन्ही बाजूंस काळे पट्टे सोडून मधल्या अरुंद चिंधोटींत तें दिसतें. बँकेचा व्यवहार किंवा रेल्वेचें तिकीट अशा चिंधोटींतून करणें हें वृद्ध माणसाच्या दृष्टीनें गैरसोईहून अधिक आहे. जून २०२५ मध्यें आलेल्या अँड्रॉइड १६ नें प्रथमच सक्तीचा मार्ग धरला. त्या आवृत्तीसाठीं म्हणून तयार केलेल्या ॲपनें अशी अट घातली असली, तरी ६०० डीपी व त्याहून मोठ्या पडद्यावर सिस्टिम ती मानीत नाहीं; ॲपला मिळेल ती सर्व जागा भरावीच लागते. खेळांचीं ॲप्स यांतून वगळलीं आहेत, आणि तें योग्यच आहे, कारण खेळाचें पटांगण लेखाच्या ओळींसारखें मोडून पुन्हा जुळवितां येत नाहीं. इतर ॲप लिहिणाऱ्यांना तात्पुरती सूटही दिली गेली. ही सक्ति दहा वर्षें आधीं झाली असती तर बरें झालें असतें.

मराठी वाचकांच्या दृष्टीनें या मांडणीला आणखी एक अंग आहे. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून सिस्टिमच्या भाषांत मराठीचा समावेश झाला, आणि मापें ठराविक धरून चाललेल्या ॲप्सचे दोष मराठीनें उघडे पाडले. इंग्रजींत 'कॅन्सल' हा एक शब्द बसेल एवढ्याच मापाच्या बटणांत मराठींत 'रद्द करा' हे दोन शब्द बसवावयाचे असतात. इंग्रजी अक्षराला वर वेलांटी नाहीं कीं खालीं उकार नाहीं. म्हणून चौकटीची उंची कायम धरली असेल तर 'कृपया' मधील ऋकार किंवा 'सुरू' मधील उकार खालच्या कडेशीं कापला जातो. जो चौकटीला माप देत नाहीं आणि 'आंतील मजकुराएवढी हो' असें सांगतो, त्याच्या ॲपमध्यें हें घडत नाहीं. मोठ्या पडद्यासाठीं केलेली लवचिक मांडणी अशा रीतीनें लहान पडद्यावरील मराठीलाही उपयोगी पडते.

शेवटीं डोळ्यांविषयीं. अँड्रॉइडमध्यें अक्षरांचा आकार वाढविण्याची एक सोय आहे आणि पडद्यावरील सर्वच वस्तू मोठ्या करण्याची दुसरी. पहिलीनें फक्त अक्षरें वाढतात. दुसरी निराळ्या रीतीनें काम करते : ती सिस्टिमला घनतेचा आंकडा वाढवून सांगते, त्यामुळें एक डीपी प्रत्यक्षांत मोठा होतो आणि पडद्यावर मावणाऱ्या डीपींची संख्या घटते. ज्या टॅब्लेटची अरुंद बाजू जेमतेम ६०० डीपी आहे, त्यावर वस्तू मोठ्या केल्या कीं ती ६०० च्या खालीं येते आणि त्याच क्षणीं कित्येक ॲप्स आपली दुहेरी मांडणी सोडून फोनची एकेरी मांडणी घेतात. कित्येकांना वाटतें कीं टॅब्लेट बिघडला, आणि ते तो दुरुस्तीला नेतात. बिघाड कांहींच नसतो. मोठ्या अक्षरांनीं वाचणाऱ्याच्या हातांत पडदा खरोखरच लहान झालेला असतो, आणि सिस्टिमनें तो तसा धरलेला असतो. मापाची कळ एक घर मागें घेतली कीं यादी पुन्हा डाव्या बाजूस येऊन उभी राहते.